हायड्रॉलिक क्लच कडक झालाय, गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासू?

मकरंद_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, सात सीटर, २०१४ ची, १ लाख ३० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की अर्धा धागा "ही गाडी घ्यायलाच नको होती" यावर जातो. क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे पेडलचा जोर ऑइलमधून खाली जातो, केबलचा नाही. स्लेव्ह, म्हणजे क्लचचा खालचा सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, खालून डोकावलं की दिसतो.

क्लचचं पेडल हळूहळू कडक होत गेलंय. एका दिवसात झालं असतं तर लगेच कळलं असतं, पण पाय सवय करून घेतो. मित्राची तीच गाडी चालवली तेव्हा फरक कळला, त्याचं पेडल चवड्याने दाबलं जातं. माझं रोजचं जाणं-येणं इंदिरानगर ते सिन्नर एमआयडीसी. हायवेला काही वाटत नाही, पण येताना नाशिक रोडपासून द्वारकेपर्यंत, त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले, डावी पोटरी अक्षरशः भरून येते. बायकोने गाडी चालवणं सोडलंय, स्कूटर नेते.

गिअर नीट पडतात. रिव्हर्सला कर्र होत नाही. ऑइलची लेव्हल बरोबर आहे, खाली कुठे ठिपका नाही. एका गॅरेजवाल्याने गाडी जागेवरून न हलवता, एकदाच पेडल दाबून, "पूर्ण क्लच सेट, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगून पंचवीस हजारांच्या आसपास आकडा दिला. दुसरा म्हणाला पेडलजवळचा वरचा (मास्टर) सिलिंडर गेलाय. दोघांपैकी कुणाचं ऐकू? की तिसरंच काही असेल?

पंचवटीचा_पक्या

ऑटोमॅटिक घ्या. धागा समाप्त.

घाटमाथा

दादा, माझ्या दोन टॅक्स्या आहेत, नाशिक-मुंबई. कडक पेडल म्हणजे क्लच प्लेट संपली, डोळे झाकून सेट टाका. कसाऱ्यात ट्रकच्या मागे हाफ क्लचवर रांगत जाणारी गाडी असेल तर लाखभर किलोमीटर म्हणजे भरपूर झालं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदाच बदला, उगाच वरवरची कामं करून मजुरी दोनदा देऊ नका.

सिडकोची_सई

घाटमाथा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण आधी प्रश्न विचारू द्या ना त्यांना.

मकरंद, मी अंबडला गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, क्लचशी थोडाफार संबंध येतो. आधी हे सांगा. इंजिन बंद ठेवून पेडल एकदा अगदी सावकाश दाबा, खालपर्यंत जायला चार-पाच सेकंद लागू देत. मग एकदा झटक्यात दाबा. दोन्ही वेळा ताकद सारखीच लागते का? पेडल पूर्ण दाबून पाय पटकन बाजूला केला तर ते पायाबरोबर वर येतं की मागाहून रेंगाळत? चौथ्या गिअरला कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबला तर आरपीएम एकदम चढतो आणि गाडी जागची हलत नाही, असं होतं का? आणि शेवटचं, क्लचचं ऑइल कधी बदललंय? टॉप-अप नाही, पूर्ण बदलणं म्हणतेय मी.

मकरंद_इंदिरानगर

सई, आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. मजाच आहे. सावकाश दाबलं तर पेडल जवळजवळ मित्राच्या गाडीइतकंच हलकं! झटक्यात दाबलं की मधेच भिंत लागल्यासारखं होतं. सोडल्यावर पाय वर येतो, पेडल मागून येतं, स्पष्ट दिसतं डोळ्यांना. आरपीएम चढत नाही, ओढते मस्त. ऑइल मी घेतल्यापासून तरी बदललेलं नाही. बॉनेटखालच्या ऑइलच्या डब्यात काळपट दिसतंय.

सिडकोची_सई

मग गिअरबॉक्सला तूर्त हात लावू देऊ नका कुणाला.

कारण सांगते. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबायला लागणारी ताकद तुम्ही किती वेगाने दाबता यावर ठरत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, स्प्रिंग तीच. पेडलचा सुकलेला बुश, खाचा पडलेला बेअरिंगचा गाइड, बेअरिंग ढकलणारा गंजलेला काटा, यांचंही तसंच, हळू दाबलं म्हणून ते हलके होत नाहीत. ताकद वेगाप्रमाणे बदलते ती ऑइल बारीक वाटेने जात असेल तरच. इंजेक्शनच्या सिरिंजचं बघा, हळू दाबलं तर दट्ट्या सहज जातो, घाई केली की अंगठा दुखतो. तुमच्या गाडीत वरच्या सिलिंडरपासून खालच्या सिलिंडरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी असंच बारीक भोक तयार झालंय. पेडल उशिरा वर येतं तेही त्यामुळेच. परतीचं ऑइल त्याच अरुंद वाटेने वर चढायचं असतं.

माझा पहिला संशय रबरी होज पाइपवर. बाहेरून नवा दिसतो आणि आतून सुजलेला असतो.

निवृत्त_फिटर

सईताईंनी नेमकं सांगितलं. मी सातपूरला आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, आता घरच्याच गाड्यांशी खेळतो. दोन गोष्टींची भर घालतो.

घाटमाथा म्हणतात ते खोटं नाही. प्लेटचं लायनिंग झिजतं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या जड चाकाकडे) सरकते आणि तिच्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोकं उलटी, रिलीज बेअरिंगच्या अंगाला येतात. पाकळ्यांचा कोन बदलला की त्यांना दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून झिजलेल्या क्लचचं पेडल जड होतं, हे खरंच. केबलच्या गाडीत पेडल वरच्या वर पकडायला लागलं की झीज कळते. हायड्रॉलिकमध्ये स्लेव्हचा पिस्टन स्वतःच जागा बदलून घेतो, त्यामुळे पेडलच्या उंचीवरून प्लेटचा अंदाज लागत नाही, आणि मग मेकॅनिक सरसकट प्लेटवर बोट ठेवतो. पण मकरंदरावांच्या गाडीचं लक्षण वेगळं आहे.

आता कामाची पद्धत. आधी मॅट काढून बघा. हसू नका, दोन मॅट एकावर एक टाकणारे लोक आहेत आपल्याकडे. मग पेडलच्या वरच्या बाजूला वाकून पुशरॉडची, म्हणजे पेडलपासून वरच्या सिलिंडरमध्ये जाणाऱ्या दांड्याची, पिन काढा. पिनला लॉक असतं, ते खाली पडून कार्पेटखाली गेलं की तासभर शोधत बसाल, म्हणून आधी कापड पसरा. पिन निघाल्यावर पेडल नुसत्या बोटाने वर-खाली करा. ते अडकलं तर बुश सुकलाय. काही गाड्यांत पेडलला मदतीची स्प्रिंग असते, ती निसटली किंवा तुटली तरी पेडल जड होतं. ती हाताने काढायला जाऊ नका, बोटावर येते.

पेडल मोकळं असेल तर पिन परत घाला आणि खाली जा. स्लेव्हवर एअर काढायचं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून नळी बाटलीत सोडा, निपल अर्धा आटा सैल करा आणि आतल्या माणसाला पेडल दाबायला सांगा. निपल उघडं असताना पेडल हलकं झालं तर वरचा सिलिंडर आणि पाइप निर्दोष, भार खाली आहे. निपल उघडं असूनही कडकच राहिलं तर अडथळा निपलच्या वर. एवढ्या एका आट्यावर गिअरबॉक्स उतरवायचा की नाही ते ठरतं, पण गॅरेजात हे कुणी करत नाही, कारण खाली झोपावं लागतं.

पेडल वर सोडण्याआधी निपल बंद करायचं, नाहीतर हवा आत ओढली जाईल.

पंचवटीचा_पक्या

काका, "कारण खाली झोपावं लागतं" हे माझ्या मेकॅनिकला व्हॉट्सअॅप करू का?

बागायतदार_दिंडोरी

निपल उघडण्याआधी मकरंदभाऊ, डब्याचं झाकण उघडून त्याच्या आतलं रबर बघा. आमच्या पिकअपचा किस्सा सांगतो. द्राक्षाच्या हंगामात पेटी भरून लासलगावच्या बाजूला गाडी निघाली, ड्रायव्हरने ऑइल कमी दिसलं म्हणून शेडमध्ये पडलेल्या डब्यातलं स्टिअरिंगचं ऑइल ओतलं. दोन-तीन आठवड्यांत क्लच कडक, मग ब्रेकही धरून राहायला लागले. झाकणाचं रबर इतकं फुगलेलं की झाकणात परत बसेना. वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, चारही चाकांचे सील, होज, सगळं बदलावं लागलं.

निवृत्त_फिटर

दिंडोरीकर, फार मोलाचं लिहिलंत. ब्रेक आणि क्लचचे सील ग्लायकॉलवाल्या ऑइलसाठी बनवलेल्या रबराचे असतात. त्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल, कुठलंही खनिज तेल गेलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबा असतो, म्हणून हा नुसता क्लचचा प्रश्न राहत नाही, जिवाशी गाठ आहे.

तपासायला सोपं आहे. डब्यातलं चमचाभर ऑइल सिरिंजने काढा, काचेच्या ग्लासात पाण्यात टाका आणि ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग राहिला तर कुणीतरी खनिज तेल घातलंय, आणि मग गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, उचलून न्यायची. तो ग्लास नंतर घरात वापरू नका, ब्रेक ऑइल विषारी आहे.

मकरंद_इंदिरानगर

झाकणाचं रबर ठीक आहे, झाकणात नीट बसतंय. ग्लासवाला प्रयोगही केला, ऑइल विरघळलं, तवंग नाही. (ग्लास फेकला, घरी बोलणी खाल्ली.) एकच डबा आहे ब्रेक-क्लचला. क्लचची नळी डब्याच्या बरीच वरून निघते, ब्रेकची खालून. हे असं का?

सिडकोची_सई

मुद्दाम. क्लचकडे गळती झाली तर डबा त्या नळीपर्यंतच रिकामा होतो, ब्रेकसाठी खाली ऑइल शिल्लक राहतं. म्हणून क्लच एकाएकी गेला की आधी डब्यात बघायचं.

ऑइल आणताना झाकणावर जे लिहिलंय तेच आणा. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पाणी शोषलं की हेच अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. हे ऑइल हवेतली वाफ ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. आणि अर्धा वापरलेला, झाकण उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरायचा नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नावात आकडा मोठा आहे म्हणून ते चांगलं समजून घालू नका, आपल्या गाड्यांत चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच.

ओझरचा_वैभव

माझ्या गाडीत स्लेव्ह बाहेर दिसतच नाही, बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कव्हरच्या) आत बेअरिंगसकट गोल बसवलेला आहे. मला हे निपलवालं कसं जमणार?

निवृत्त_फिटर

वैभवराव, निपल बाहेरच असतं, बेलहाउसिंगमधून नळी काढून वर ठेवलेलं. चाचणी तीच. फरक इतकाच की भार खाली निघाला तर तुम्हाला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, बाहेरच्या स्लेव्हसारखं दोन बोल्ट काढून काटा हाताने हलवून बघायची सोय नाही. आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर तो आतला स्लेव्ह प्लेटबरोबर नवा टाका. सील गळला की ऑइल थेट प्लेटवर येतं, आणि मजुरी पुन्हा तितकीच.

मकरंद_इंदिरानगर

अपडेट. रविवारी सकाळी बसलो. काकांनी सांगितल्याप्रमाणे पिन काढली, पेडल बोटाने मोकळं हलतंय, बुश जरा कुरकुरतो तेवढंच. पिन परत लावली.

गाडी हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना विटा लावून, पुढून जॅक आणि खाली दोन स्टँड. निपलवरची रबरी टोपी गळून पडलेली, निपलमध्ये माती. तारेने साफ केलं, मग दहाच्या पान्याने सैल केलं. बायको वर पेडलवर. निपल उघडं असूनही पेडल कडकच. नळीत ऑइल आलं तेही धारेने नाही, थेंबाथेंबाने. रंग गडद तपकिरी, आणि त्यात काळे कण.

म्हणजे अडथळा वर. आता वरचा सिलिंडर की होज, कसं ओळखू?

सिडकोची_सई

बरोब्बर! आता वाटेत एक पायरी वर जा. लोखंडी पाइप जिथे रबरी होजला जोडतो तो नट सैल करा आणि पुन्हा पेडल दाबायला सांगा. तिथे ऑइल भरभरून आलं आणि पेडल हलकं झालं तर होज दोषी. तिथेही कडक असेल तर आणखी वर, मास्टरच्या तोंडाशी.

निवृत्त_फिटर

थांबा, थांबा. तो नट साध्या पान्याने काढू नका. पितळी नाही म्हणून मजबूत वाटतो, पण कडा गोल झाल्या की पाइपच कापावा लागतो. फ्लेअर नटचा पाना वापरा, तो नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरतो. होजच्या बाजूला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर नटाबरोबर होज पिळला जाईल. आधी गंजनिवारक मारून अर्धा तास सोडून द्या.

दहाचा फ्लेअर पाना माझ्याकडे आहे. त्रिमूर्ती चौकाजवळ राहतो, संदेश टाकतो, येऊन घेऊन जा.

आणि डोळ्यांवर चष्मा. ऑइल दाबाखाली उडतं. रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका, रंग उकलतो.

घाटमाथा

मी शांतपणे वाचतोय, हं. एक विचारू का फिटरकाका? माझ्या एका टॅक्सीचा प्रकार उलटा आहे. सकाळी क्लच झकास. दुपारी उन्हात कसारा चढताना क्लच घसरायला लागतो, आरपीएम चढतो, वास येतो. इगतपुरीला चहासाठी थांबलं की पुन्हा ठीक. समृद्धीने गेलं तर काहीच होत नाही. प्लेट मागच्याच वर्षी टाकलीय.

निवृत्त_फिटर

पुशरॉड बघा. कुणीतरी पेडल उंच करायला पुशरॉड लांब करून ठेवलाय का? मास्टर सिलिंडरमध्ये डब्याकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढलेला असताना पिस्टन त्या भोकाच्या मागे असायला हवा, म्हणजे तापून फुगलेलं ऑइल डब्यात परत जातं. पुशरॉडला मोकळीकच नसेल तर भोक झाकलेलं राहतं, ऑइल तापलं की त्याला जायला जागा नाही, आणि ते स्वतःच क्लच दाबायला लागतं. म्हणून पायाविना हाफ क्लच. पेडल हाताने दाबलं की सुरुवातीचे थोडे मिलिमीटर अगदी मोकळे लागले पाहिजेत. गाळाने ते भोक बुजलं तरी असंच होतं.

पुढच्या वेळी घसरायला लागला की सुरक्षित जागी थांबून निपल क्षणभर सैल करा. चिळकांडी उडाली आणि क्लच पकडला तर निदान पक्कं.

घाटमाथा

काका, गेल्या महिन्यातच ड्रायव्हरने "पेडल खाली आलंय" म्हणून ते लांब करून घेतलं होतं! आज रात्री गाडी आली की बघतो.

मकरंद_इंदिरानगर

काकांकडून पाना आणला (आणि काकूंच्या हातची भडंग खाल्ली, धागा भरकटवत नाही). होजच्या वरचा नट सैल केल्याबरोबर पेडल लोण्यासारखं गेलं आणि ऑइल भसकन आलं. नट बंद करून खात्रीसाठी पुन्हा निपल उघडून दाबलं, परत कडक. गुन्हेगार होज.

द्वारकेच्या बाजूला स्पेअरच्या दुकानांत फिरलो. पहिल्या दुकानात जुळणारा म्हणून दिला तो लांबीला कमी होता, नाही घेतला. दुसऱ्यात माझ्याच मॉडेलचा मिळाला, नवे तांब्याचे वॉशर वेगळे घेतले. दुकानदार म्हणाला, "क्लचचा होज कोण बदलतं साहेब, सगळे मास्टर सिलिंडर नेतात."

जुना होज काढला. बाहेरून खरंच ठणठणीत. एका टोकापासून बघितलं तर उजेड दिसेना. ब्लेडने उभा चिरला. आतला रबराचा थर एका जागी भिंतीपासून सुटून पापुद्र्यासारखा उभा राहिलाय, बाकी रबर सुजलेलं, मधे वाट इतकी की शिवायची सुई जेमतेम जावी. चिरलेल्या तुकड्याला बोट लावलं तर बोट काळं. ऑइलमधले कण तिथलेच असणार.

नवा लावला. एअर काढताना मात्र घामटा निघाला. "दाब, धर, सोडू नकोस" करत बायकोशी जवळजवळ भांडण झालं. पेडल दाबलं की खालीच चिकटून बसायचं, हाताने वर ओढावं लागत होतं. बुडबुडे थांबेचनात.

निवृत्त_फिटर

एअर असली की पेडल खालीच बसतं, घाबरायचं कारण नाही. तुमचा स्लेव्ह तिरका आहे, त्यात हवा वरच्या कोपऱ्यात अडकते. दाबायचं बंद करा. डबा भरून ठेवा, निपल उघडा आणि नुसतं ठिबकू द्या, पेडलला हात न लावता. ऑइल आपल्या वजनाने येतं आणि हवा घेऊन येतं. डबा मधून मधून बघत राहा, रिकामा झाला तर पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यानेही राहिली तर स्लेव्हचे बोल्ट काढून त्याचं निपल सर्वांत वर येईल असा धरा, पिस्टन हाताने पूर्ण आत दाबून धरा आणि मग एअर काढा. स्लेव्ह सुटा असताना कुणीही पेडल दाबायचं नाही, पिस्टन उडून बाहेर येतो.

मकरंद_इंदिरानगर

नुसतं ठिबकू दिलं. संध्याकाळपर्यंत स्वच्छ, फिकट ऑइल यायला लागलं. शेवटी दोन-तीनदाच दाबून बघितलं आणि निपल बंद.

पेडल आता पायाबरोबर वर येतं. झटक्यात दाबलं तरी भिंत नाही. बायकोने आज स्वतः कॉलेज रोडला नेऊन आणली. खर्च होज, वॉशर आणि ऑइल धरून दोन हजारांच्या आत.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मित्राच्या गाडीपेक्षा अजूनही थोडं जड आहे. हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, तेवढंच. हे काय उरलं?

सिडकोची_सई

हे आता घाटमाथांचं उरलेलं अर्धं. :) वेगाप्रमाणे बदलत नाही म्हणजे यांत्रिक भार. १ लाख ३० हजारांत प्लेट झिजलेली असणारच, पाकळ्यांचा कोन बदललेला. आरपीएम चढत नाही, वास नाही, गिअर नीट पडतात, तर चालवा खुशाल. घसरायला लागेल तेव्हा सेट टाका.

तेव्हा मात्र गॅरेजात उभं राहून दोन-तीन गोष्टी बघा. बेअरिंग ज्या नळीवरून सरकतं तिच्यावर खाचा असतील तर ती बदला, नाहीतर नवा सेट टाकूनही पेडल जडच राहील आणि तुम्ही प्लेटला शिव्या द्याल. काट्याच्या टेकूला ग्रीस लावायला सांगा, प्लेट ज्या खाचांच्या शाफ्टवर सरकते त्या स्प्लाइनला मात्र अगदी नावाला. जास्त लावलं की ते फिरून प्लेटवर उडतं. फ्लायव्हील साधं असेल तर टर्नरकडून फेसिंग करून घेता येतं. ड्युअल मास (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) असेल तर फेसिंगच्या भानगडीत पडू नका, त्याचा खेळ कंपनीच्या मापात बसतो का ते तपासायचं आणि नसेल तर बदलायचं.

आणि मास्टर सिलिंडर कधी बदललाच तर जुन्याचा बोअर (आतला व्यास) आणि नव्याचा बोअर जुळवून घ्या. दिसायला सारखा, पण बोअर मोठा असलेला बसवला की पेडल लगेच जड होतं. समजा खालचा २० मिलिमीटरचा आहे. वरचा १६ चा असेल तर खाली साधारण दीडपट ताकद मिळते. वरचा १९ चा बसवला तर जेमतेम १.१ पट. डुप्लिकेट मालात हे होतं.

पंचवटीचा_पक्या

माझी वॅगन आर, केबलवाली. तिचाही कडक झालाय. निपल कुठे शोधू? (खरंच विचारतोय.)

निवृत्त_फिटर

तुमच्याकडे निपल नाही, ऑइल नाही, केबल आहे. दोन्ही टोकं काढून आतली तार हाताने ओढून बघा. अडकत सरकली तर केबल बदला, तेल सोडत बसू नका. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तेलात धूळ बसून आणखी जाम होतं. नवी टाकताना जुनी जशी वळणं घेत गेली होती तशीच टाका, तीक्ष्ण वाक आला की नवीही कडक. तार मोकळी असेल तर मग काटा आणि प्लेट.

घाटमाथा

काका, पुशरॉड कमी केला. आज भर दुपारी कसारा चढून आलो, एकदाही घसरला नाही. ड्रायव्हरला तुमचं नाव सांगितलंय.

निवृत्त_फिटर

उत्तम. पण प्लेट आधी तापून चकाकली असेल, पुन्हा घसरली तर तिच्याकडे बघा.

मकरंदराव, एक राहिलं. तुमच्या पुढच्या दोन्ही ब्रेकचे रबरी होज त्याच वयाचे आहेत ना? आतून सुजलेला होज ब्रेकमध्ये काय करतो माहितेय, पेडल सोडलं तरी कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडत नाही. प्रवासाहून आलात की दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता नुसता तळवा धरून बघा, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतंय का.

मकरंद_इंदिरानगर

आज सिन्नरहून आल्यावर बघितलं. डावं उजव्यापेक्षा नक्कीच गरम आहे. दोन्ही होज दुकानात सांगून ठेवले, शनिवारी मिळतील. तोपर्यंत गाडी उभी, बसने जातो. तुमचा पाना परत द्यायला कधी येऊ?

निवृत्त_फिटर

पाना राहू द्या शनिवारपर्यंत, लागेलच. एअर काढताना साधारणपणे मास्टरपासून लांबचं चाक आधी घेतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एबीएस आहे, डबा रिकामा होऊ देऊ नका, युनिटमध्ये हवा गेली की स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.